‘लवलेस’ चार वेळा ऐकला, काहीच हाती लागलं नाही, मग रिव्ह्यूवाले खोटं बोलतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं की माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लवलेस’ (१९९१) जिथे बघावं तिथे दहापैकी दहा म्हणून वाचला, म्हणून चार वेळा ऐकला, गायिकेचा एक शब्द कळेना, गिटार म्हणजे नुसती घरघर वाटली, आणि वर मित्र म्हणतो की तुझे कान अजून तयार नाहीत. तर समीक्षक एकमेकांची री ओढतात का, की आपल्यातच काही कमी आहे, आणि यापुढे कुणाच्या रिव्ह्यूवर भरवसा ठेवायचा. मी गेली १५ वर्षं इंडी आणि ऑल्टरनेटिव्ह अल्बमांवर लिहिते आहे आणि हा प्रश्न मला या ना त्या रूपात सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुमच्यात कमी काहीच नाही. चार वेळा ऐकलंत, म्हणजे बऱ्याच रिव्ह्यूवाल्यांपेक्षा जास्त कष्ट घेतलेत. पण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. मला नीट ऐकू आलं का, हा एक. ऐकू आलं पण आवडलं का, हा दुसरा. आणि इतरांना आवडलं यावर विश्वास ठेवू का, हा तिसरा. मित्र पहिल्याचं उत्तर देतोय, तुम्ही दुसऱ्याचं मागताय, आणि राग येतोय तो तिसऱ्याचा. हे वेगळे केले की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

आणि हेही आधीच सांगते की यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही कशावर ऐकलंत, किती आवाजात, चालता चालता की बसून, त्याआधी या पद्धतीचं काय काय ऐकलं होतं, हे मला माहीत नाही. त्यामुळे मी जे सांगते ते माझ्या कामातून आलेलं आहे, तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. तुम्ही लिहिलंत ‘शब्द कळत नाहीत, गिटार घरघरते’. हे वर्णन म्हणून शंभर टक्के बरोबर आहे! तुमचे कान उत्तम चाललेत. फक्त तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत आणि तोच अल्बम उचलून धरणारे हेच कौतुक म्हणून लिहितात. मग ठरवायचं कसं की आवाज दबलेला असणं ही चूक आहे की मुद्दाम घेतलेला निर्णय? माझी पद्धत साधी आहे. गाण्यातून आवाज खाली गेलाय ना, मग चाल कोण उचलून नेतंय ते शोधायचं. चूक असेल तर कुणीच नेत नसतं, सगळं मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची एकत्र जुळणी, लोळत पडलेलं असतं. ‘लवलेस’मध्ये बऱ्याच गाण्यांत गायनाच्या वर एक बारीक, बासरीसारखी ओळ फिरत असते, ती गिटारचा फीडबॅक, म्हणजे अँपसमोर गिटार धरल्यावर उठणारी शीळ, सॅम्पल करून, म्हणजे त्या आवाजाचा तुकडा उचलून, कीबोर्डवर वाजवलेली आहे. चाल तिच्याकडे दिलेली आहे, आणि गळा गिटारच्या जागी बसवलाय. एकदा ते पकडलंत की गाण्याची बाकीची मांडणी दिसायला लागते. कुणी काहीही न ठरवता इतका नेमका खाते-बदल होत नाही.

आता गिटारची घरघर. बँडचा गिटारवादक केविन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो आर्म, म्हणजे तारा ढिल्या-घट्ट करणारा तो दांडा, हातात धरूनच स्ट्रम करतो, त्यामुळे प्रत्येक फटक्याला सूर किंचित खाली घसरतो आणि परत वर येतो. सूर एका जागी उभाच राहत नाही. तुम्हाला जे ‘डोकं गरगरल्यासारखं’ वाटलं (तुमचाच शब्द) ते यामुळे. आणि इथे एक गंमत नव्हे तर महत्त्वाची गोष्ट आहे, कितीतरी रिव्ह्यूंमध्ये तुम्ही वाचलं असेल की शेकडो गिटारींचे थरावर थर रचलेत. स्वतः शील्ड्स मात्र सांगत आलाय की लोकांना वाटतं त्यापेक्षा गिटारचे ट्रॅक बरेच कमी आहेत, आणि गिटार ऐन मधोमध ठेवलीय, कोरससारखे (एकच सूर अनेकांनी वाजवल्याचा भास करणारे) इफेक्ट न वापरता. म्हणजे दहापैकी दहा देणाऱ्यांनीही नीट ऐकलंच असेल असं नाही. कौतुक करणारा चुकीचं वर्णन करू शकतो आणि नाक मुरडणारा बरोबर वर्णन करू शकतो. रिव्ह्यू वाचताना मी निकालाआधी हे तपासते.

गळ्याबद्दल अजून एक. बँडची गायिका बिलिंडा बुचरने सांगितलंय की रेकॉर्डिंग बऱ्याचदा सकाळी साडेसातच्या सुमाराला व्हायचं आणि तिला जेमतेम डोळा लागलेला असताना उठवून गायला लावायचे. तो पेंगुळलेपणा खराच आहे, नंतर मिक्समध्ये चढवलेला नाही. ड्रमचंही तसंच, ड्रमर कोल्म ओ किओसोइगची तब्येत बरी नसल्याने बहुतेक गाण्यांत त्याच्याच वाजवण्याचे सॅम्पल जोडून ठेका बांधलाय, म्हणून ड्रम जरा सपाट, एकसुरी वाटतात. हे कळल्यावर अल्बम आवडायलाच पाहिजे असं मुळीच नाही. मला स्वतःला आजही वाटतं की त्या सपाट ड्रममुळे मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात आणि अल्बमचा श्वास तिथे अडकतो. पण ‘काहीच कळलं नाही’ आणि ‘कळलं, ड्रममुळे अडकतंय’ यात फरक आहे, दुसरं मत घेऊन तुम्ही कुणाशीही बोलू शकता.

नीट ऐकणं म्हणजे काय हे मला माझ्या एका चुकीने शिकवलं. सुरुवातीच्या काळात एका मुलाने घरच्या घरी केलेला, स्वतःच अपलोड केलेला अल्बम माझ्याकडे आला होता. दोन दिवसांत मजकूर द्यायचा होता, मी तो लॅपटॉपच्या स्पीकरवर दोनदा ऐकला आणि लिहून मोकळी झाले की बेस जवळजवळ नाहीच, गाणी पोकळ आहेत. त्याची मेल आली, एकही वाकडा शब्द नव्हता, त्याने फक्त विचारलं होतं की तुम्ही कशावर ऐकलंत. मी हेडफोन लावले आणि पहिल्याच गाण्यात खालून एक गोल, गुळगुळीत सिंथ बेस आला, तोच त्या अल्बमचा कणा होता. तो बेस साधारण ५० हर्ट्झच्या आसपासचा होता, आणि लॅपटॉपचे छोटे स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली हळूहळू गपच होतात. बेस गिटार असती तर तिच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांमुळे, निदान चाहूल लागली असती, सिंथच्या शुद्ध आवाजाला तेवढंही नसतं. आम्ही दुरुस्ती छापली, पण ज्यांनी आधीचं वाचलं होतं ते दुरुस्ती वाचायला परत येत नाहीत. त्या मुलाचा तो पहिला अल्बम होता आणि त्याच्यावर तेवढाच एक रिव्ह्यू आला होता. हे मला आजही लागतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे: पहिल्यांदा ऐकताना वही बंद, फक्त ऐकायचं, अल्बमच्या क्रमानेच. दुसऱ्यांदा हेडफोनवर, वेळ लिहून, म्हणजे ‘तिसरं गाणं, २ मिनिटं १० सेकंद, इथे ड्रम थांबतात आणि कंटाळा जातो’ असं. तिसऱ्यांदा खोलीत स्पीकरवर, काम करता करता, कारण काही अल्बम नजर रोखून ऐकल्यावर चुरगळतात आणि बाजूला वाजत असताना उमलतात. मग दोन-तीन दिवस अजिबात नाही. त्यानंतर डोक्यात आपोआप काय वाजतंय ते बघायचं, आणि परत एकदा. आणि दोन अल्बमांची तुलना करायची असेल तर आवाजाची पातळी सारखी करून घ्यायची, कारण जरा मोठ्याने वाजणारं गाणं कानाला नेहमीच भारी वाटतं. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) चालू असेल तर गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवली जातात, ते बंद असेल तर १९९१ चा मऊ मास्टर (प्रकाशनासाठीची अंतिम प्रत) आणि आजचा दाबून भरलेला मास्टर यांची तुलना म्हणजे अन्याय आहे. ‘लवलेस’ तुम्हाला पातळ वाटला असेल तर आधी हे एकदा बघा.

आता तिसरा प्रश्न, समीक्षक. खोटं बोलतात का? माझ्या अनुभवात फार क्वचित. घाईत असतात हे मात्र खरं. अल्बम प्रकाशित व्हायच्या आधी दोन-तीन आठवडे हाती येतो, कधी तेवढाही वेळ नसतो. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा ‘किड ए’ २००० मध्ये आला तेव्हा आगाऊ प्रती फारच थोड्या बाहेर दिल्या होत्या, समीक्षकांना बोलावून ठरलेल्या वेळात ऐकवला होता. अशा परिस्थितीत लिहिलेल्या मतांचं काय झालं बघा, ‘पिचफोर्क’ या अमेरिकन संगीत वेबसाइटने दहापैकी १०.० दिले आणि ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकाने ५ पैकी दीड स्टार. अल्बम एकच, महिना एकच. दोघंही प्रामाणिक होते असं मी धरून चालते. मला यातून एवढंच दिसतं की पहिल्या आठवड्यातला रिव्ह्यू ही पहिल्या आठवड्यातली प्रतिक्रिया असते, तिला कायमचा निकाल समजणं ही वाचणाऱ्याची आणि छापणाऱ्याची दोघांची चूक.

आकड्यांवर तर अजिबात जीव टाकू नका. ‘पिचफोर्क’नेच २०२१ मध्ये स्वतःचे जुने काही स्कोर उघडपणे बदलले. इंटरपोल या बँडच्या पहिल्या अल्बमचे ९.५ चे ७.० झाले. लिझ फेअरच्या २००३ च्या अल्बमला तेव्हा ०.० दिले होते, त्याचे ६.० झाले. हे दुसरं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. लिझ फेअर म्हणजे १९९३ ला मॅटाडोर या इंडी लेबलवरून नाव झालेली गायिका, आणि २००३ ला ती मोठ्या लेबलवर चकचकीत पॉप घेऊन आली. तो भोपळा गाण्यांना कमी आणि ‘आमच्यातली असून तिकडे गेली’ या रागाला जास्त होता. ज्याने तो रिव्ह्यू लिहिला त्याने २०१९ मध्ये तिची जाहीर माफी मागितली, आणि मला त्याबद्दल त्याचा आदर वाटतो. इंडी जगाचा हा जुना रोग आहे, आवाजाला मार्क देण्याऐवजी माणूस कुठल्या गटात उभा आहे याला मार्क द्यायचे. उलट बाजूनेही होतं, घरात रेकॉर्ड केलं, लेबल नाही, पैसे नाहीत, म्हणजे गाणं आपोआप सच्चं असं धरलं जातं. इंडी हा शब्द मुळात अल्बम कुणी काढला, कुणी वितरित केला याबद्दलचा आहे, त्यावरून चाल चांगली आहे की नाही हे कसं कळणार?

याच्याच जोडीला गोष्टींचा प्रकार. अल्बमबरोबर प्रसिद्धीचा एक कागद येतो, त्यात अल्बम कसा जन्मला याची गोष्ट असते. बॉन इव्हेर या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननचा पहिला अल्बम अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये, हिवाळ्यात एकट्याने रेकॉर्ड झाला ही गोष्ट खरी आहे, आणि सुंदर आहे, पण त्या अल्बमवरचा रिव्ह्यू काढा आणि केबिन, बर्फ, एकटेपणा हे शब्द खोडा, मग किती ओळी उरतात बघा. जिथे उरतं, तिथे लिहिणाऱ्याने ऐकलंय. तिथे कुणीतरी लिहिलेलं असतं की एकाच माणसाचा वरच्या पट्टीतला आवाज एकावर एक रचल्यामुळे गायकापेक्षा छोटा गायकवृंद वाटतो. हा खोडून बघायचा प्रयोग मी स्वतःच्या मजकुरावर दर वेळी करते. एकदा तर अख्खा लेख फाडून परत लिहिला, कारण गोष्ट काढल्यावर खाली फक्त तीन विशेषणं उरली होती.

मेटाक्रिटिकसारख्या, अनेक रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या वेबसाइटचं थोडक्यात सांगते. तिथे वेगवेगळ्या मापांचे स्कोर शंभराच्या मापात बदलले जातात, ज्या रिव्ह्यूंना आकडाच नाही त्यांनाही आकडा लावला जातो, आणि सगळ्या जागांचं वजन सारखं नसतं. ८५ चा अर्थ एवढाच की फारसं कुणाला वाईट वाटला नाही. अर्ध्या लोकांनी जीव ओवाळला आणि अर्ध्यांनी फेकून दिला असा अल्बम तिथे ६० ला पडून राहतो, आणि माझ्या आयुष्यातले निदान चार लाडके अल्बम तसल्याच आकड्यांचे आहेत.

मग भरवसा कुणावर. मी म्हणेन की ज्याच्याशी तुमचे मतभेद कुठे होणार हे तुम्हाला आधीच कळतं, अशा माणसावर. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाऊ १९६९ पासून छोट्या छोट्या परिच्छेदांत अल्बमांना ए, बी, सी अशा श्रेणी देत आलाय. हेवी मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक त्याला भावत नाही, हे त्याने लपवलेलं नाही. त्यामुळे त्याने एखादा गंभीर, लांबलचक, वळणावळणाचा अल्बम झोडला की मी तो मुद्दाम शोधून ऐकते! रिव्ह्यू मला उपयोगी पडला, मत पटलं नसूनही. चांगल्या रिव्ह्यूची माझी कसोटी हीच, लिहिणाऱ्याला आवडलं नाही तरी मला आवडेल का हे त्याच्या वर्णनावरून मला ठरवता आलं पाहिजे. तीन-चार असे लिहिणारे शोधा, तुम्हाला पाठ असलेल्या अल्बमांवर त्यांनी काय लिहिलंय ते आधी वाचा. जो अल्बम तुम्ही पन्नास वेळा ऐकलाय त्यावर एखादा काय म्हणतो यावरून त्याचे कान लगेच कळतात.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर: ऐकू आलं का ते आधी तपासा, आवडनिवड तुमची, आणि रिव्ह्यूमधून निकाल सोडून वर्णन उचला.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की वैतागून ‘लवलेस’वर स्वतःच एक झणझणीत रिव्ह्यू टाकावासा वाटतोय. टाका की. तीस वर्षं उभा असलेला अल्बम आहे, ‘पिचफोर्क’च्या नव्वदच्या दशकाच्या यादीत १९९९ ला पहिला होता, २००३ ला दुसरा, तुमच्या लिहिण्याने त्याला धक्का बसणार नाही आणि त्याच्यावर नेमकी टीका फार कमी झालीय. छोट्या कलाकारावर लिहाल तेव्हा मात्र हात जरा आवरा. इंडी गायक ट्रॅव्हिस मॉरिसनच्या २००४ च्या पहिल्या एकट्याच्या अल्बमला ‘पिचफोर्क’ने ०.० दिले, आणि त्याने नंतर सांगितलं की ऐकायला येणाऱ्या लोकांची त्याच्याकडे बघायची नजर एका रात्रीत बदलली. अल्बम फसलेला असेल, त्यावर कडक लिहायला माझी हरकत नाही, मीही लिहिते. पण शून्य हा आकडा वाचल्यावर कुणी अल्बम ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्यांच्या मतावर एखाद्याचं काम बुडावं हे मला सहन होत नाही. अगदी नवख्याचा अल्बम पटला नाही तर मी बहुतेक वेळा लिहीतच नाही, त्याने विचारलं तर त्यालाच मेल करते, वेळ टाकून, कुठे काय अडलं ते.

आता ‘लवलेस’चं काय करायचं. सलग पाचव्यांदा ऐकू नका, कंटाळा कानात बसतो. पंधरा दिवस जाऊ द्या. मग फक्त शेवटचं गाणं, ‘सून’, स्पीकरवर लावा, हेडफोनवर नको. त्याचा ठेका नाचायचा आहे, बाकी अल्बमपेक्षा जमिनीवर उभा आहे, आत शिरायला तो दरवाजा सोपा पडतो. शब्द शोधू नका, ती वरची बारीक ओळ धरा आणि गळ्याला अजून एक वाद्य समजा. तिथून उलटं, मागच्या गाण्यांकडे या. जिथे लक्ष उडेल तिथली वेळ कागदावर लिहा, मिनिट आणि सेकंदासकट, आणि नाहीच आवडला तर तो कागद इथे टाका. मीही माझी वही काढते, ड्रमने माझं लक्ष जिथे उडतं त्या जागा आणि तुमच्या जागा जुळतात का ते मला खरंच बघायचंय.